वर्गात मुलीच मुली, मग मुलं गेली कुठं?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्या वाचनात तो लग्नाचा वाटला. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्यात, आणि शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलेली तिसरी गोष्ट सगळ्यांत जड आहे.

मला तुमचं म्हणणं कळलं ते असं. तुम्ही केज तालुक्यातले. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. पालक मेळाव्याला गेलात तर वर्ग मुलींनी भरलेला, मुलं मागच्या दोन बाकांवर. मुलीला एम.एस्सी. करायचंय. पाहुणेरावळे म्हणतात, आणखी शिकवाल तर जोडीचा मुलगा मिळायचा नाही. म्हणून पहिला प्रश्न, पुढं शिकवू का थांबवू? दुसरा, मुलींना फी माफ, एसटीत सवलत, नोकरीत राखीव जागा, त्यामुळं मुलं मागं पडली का? आणि मग शेवटी एक ओळ: धाकट्यानं बारावी करून शिक्षण सोडलंय, चाकणला कंपनीत जातो म्हणतो.

मी 31 वर्षं बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. त्यातली बरीच वर्षं प्रवेश समितीत होते, सहा वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. समाजशास्त्र माझा विषय नाही. जे सांगते ते हजेरीपट, प्रवेशाची खिडकी आणि वसतिगृहाच्या व्हरांड्यात रात्री झालेल्या बोलण्यावरून. तुमच्या घरची जमीन किती, कर्ज किती, मुलीचे टक्के किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उत्तराचा बराच भाग त्यावर ठरतो. तेवढं धरून वाचा.

आधी डोळ्यांना दिसतं ते खरं किती, ते पाहू. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात 2021-22 साली देशभरात 4 कोटी 33 लाख विद्यार्थी होते आणि त्यांत मुली 2 कोटी 7 लाख. म्हणजे एकूण मोजदादीत मुली अजून निम्म्याच्या आतच आहेत. पण विज्ञान शाखा वेगळी काढली तर मुली 29 लाख 80 हजार, मुलं 27 लाख 40 हजार. तिथं मुलींनी खरंच मागं टाकलंय. इंजिनिअरिंगला मात्र दहात जेमतेम तीन मुली. महाराष्ट्राच्या एकूण पटावरही मुलगेच जास्त आहेत. त्यामुळं तुम्ही कोणत्या दारात उभे आहात त्यावर चित्र बदलतं. बी.एस्सी.च्या, बी.एड.च्या, नर्सिंगच्या दारात उभे राहिलात तर मुलांचा दुष्काळ. पॉलिटेक्निक नाहीतर आयटीआयच्या दारात जा, तिथं मुली शोधाव्या लागतील. लातूरला नीटच्या, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेच्या, क्लासमध्ये गेलात तर पुन्हा मुली: 2024 साली देशभरातून नीटला नोंदणी केलेल्या 24 लाखांत पावणेचौदा लाख मुली होत्या.

उच्च शिक्षणाच्या त्याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे, त्याचा अर्थ बऱ्याच जणांना लागत नाही. 18 ते 23 वयाच्या शंभर मुलींमागं 28.5 मुली उच्च शिक्षणात आणि शंभर मुलांमागं 28.3 मुलं. संख्येनं मुली कमी, तरी प्रमाणात किंचित पुढं. असं कसं? कारण त्या वयाच्या मुलीच देशात मुलांपेक्षा कमी आहेत. इथं आपल्या जिल्ह्याचं नाव निघतं, आणि ते चांगल्या कारणासाठी निघत नाही.

2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं 807 मुली होत्या. दहा वर्षं आधी त्या 894 होत्या. दादा, ही 2011 साली सहा वर्षांच्या आत असलेली लेकरं आज कुठं आहेत, तर अकरावी-बारावीत नाहीतर कॉलेजात. म्हणजे आपल्याकडच्या वर्गात समजा मुलं-मुली अगदी बरोबरीनं बसली, तरी मुली आपल्या वाट्यापेक्षा जास्त आल्या असं म्हणावं लागेल. आणि तुम्हाला तर मुलं मागच्या दोन बाकांवर दिसली.

दुसरा आकडा याहून टोचणारा. 2019 ते 21 मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयाच्या बायकांना विचारलं होतं, लग्न अठराच्या आत झालं का? बीडमध्ये शंभरातल्या 43 ते 44 जणी हो म्हणाल्या. शेजारच्या परभणीत 48. महाराष्ट्राची सरासरी 22 च्या आसपास. या दोन आकड्यांतले वयोगट वेगळे आहेत, ते एकमेकांत मिसळणं शास्त्राला धरून नाही. पण ढोबळ अंदाज म्हणून बघा: 807 मुली, त्यातल्या शंभरातल्या 44 अठराच्या आत बोहल्यावर, उरल्या साडेचारशेच्या आसपास. समोर मुलं हजार. आणि तरी बी.एस्सी.च्या वर्गात मुलींची गर्दी.

त्यामुळं ‘मुली का वाढल्या’ यापेक्षा हजार मुलं कुठं गेली, हे मी शोधत आले. त्याचं उत्तर मला बरंचसं हजेरी घेताना मिळालं.

मी नोकरीला लागले तेव्हा वर्गात पुढच्या बाकांवर सहा-सात मुली असायच्या, खाली मान घालून. हजेरी मुलांनी भरलेली. साधारण 2008-10 च्या सुमारास हे उलटायला लागलं. कागदावर मुलं होती. नाव पुकारलं की मागून कोणीतरी ‘नाही आला मॅडम’ म्हणायचं. महिनाभरानं मी विचारलं की कळायचं, एक वाळूजला कंपनीत आहे, एक पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो, एक काकाच्या जेसीबीवर आहे. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी ती मुलं कोरं जर्नल घेऊन उगवायची. ‘मॅडम, तेवढं सांभाळून घ्या.’ हाताला ग्रीस, डोळे तांबारलेले, ट्रॅव्हल्सनं रात्रभर प्रवास करून आलेली. त्यांच्यावर ओरडायला जीव व्हायचा नाही.

दुसरी टोळी भरतीवाल्यांची. पहाटे पाचला अंबाजोगाईच्या किंवा केजच्या रस्त्यावर निघालात तर तुम्हाला ती पळताना दिसतील, हातात मोबाइलचा टॉर्च. पोलीस भरती, सैन्य भरती. पळून आलं की झोप, संध्याकाळी अकॅडमी. बी.ए. किंवा बी.एस्सी.चा फॉर्म भरून ठेवलेला असतो, बायोडाटात ‘शिक्षण सुरू’ लिहिता यावं म्हणून. काही लागतात. न लागलेला मुलगा 27-28 व्या वर्षी घरी येतो तेव्हा त्याच्या हातात ना पदवी असते ना कसब. तिसरी टोळी शेतीत आणि चौथी पारावर. पारावरच्यांबद्दल मी लिहीत नाही, तुम्ही रोज बघताच.

आता मुलींचं सांगते. वसतिगृहात एका तांड्यावरची मुलगी होती. आईबाप दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कारखान्यावर जायचे, पोरगी आजीकडं वाढलेली. अभ्यास एवढा करायची की मलाच सांगावं लागायचं, बाई झोप आता. एकदा युनिट टेस्टला मार्क कमी पडले तर रडून रडून ताप आला. मी म्हटलं, अगं वीस मार्कांची परीक्षा ती. ती म्हणाली, ‘मॅडम, दादा नापास झाला तर त्याला एटीकेटी असती. मी नापास झाले की माझं लग्न.’

तुम्ही विचारलंत ना, मुली पुढं का? मला विचाराल तर अर्ध्याहून जास्त उत्तर त्या वाक्यात आहे. मुलाला कॉलेज सोडून जायला दहा वाटा आहेत, बऱ्या-वाईट कशाही. मुलीला घराबाहेर पडायला आपल्याकडं एकच वाट मान्य आहे, आणि ती कॉलेजच्या फाटकातून जाते. ती चालू राहावी म्हणून ती पास होते. 2025 च्या बारावीच्या निकालात राज्यात मुली 94.58 टक्के पास झाल्या, मुलं 89.51. हा पाच टक्क्यांचा फरक हुशारीचा आहे असं मला एकदाही वाटलं नाही. मी दोघांचेही पेपर तपासलेत. बुद्धी सारखीच असते. पेपर लिहिताना डोक्यावर टांगलेली तलवार सारखी नसते.

म्हणून ‘मुली पुढं गेल्या’ असं कोणी टाळ्या वाजवून म्हणालं की मला थोडं अवघडल्यासारखं होतं. ज्या पोचल्या त्या दिसतात. दहावीनंतर ज्यांची पत्रिका छापली, त्यांची नावं माझ्या हजेरीपटावर कधी आलीच नाहीत.

आणखी एक गोष्ट मी प्रवेशाच्या खिडकीवर वर्षानुवर्षं पाहिली. घरात दोन लेकरं, पैसा एकाचाच. भावाला पुण्याला इंजिनिअरिंगला पाठवायचं, बहिणीला तालुक्याला बी.एस्सी. करू द्यायचं, संध्याकाळी घरी येते ना मग बस. त्या बी.एस्सी.च्या वर्गात मुली जास्त होणारच. ती त्यांची पसंती किती आणि उरलेली जागा किती, हे प्रत्येक घरचं वेगळं. तुमच्या घरी उलटं झालंय, मुलगी शिकतेय आणि मुलगा निघालाय. तुमच्यासारखी घरं आता वाढायला लागलीत, म्हणून हे सगळं एवढ्या विस्तारानं लिहितेय.

आता सवलतींचं. मुलींना मिळतं ते खरं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास. मुलींना शाळेत नेणारी-आणणारी मानव विकास योजनेची निळी बस. मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना एसटीत अर्धं तिकीट. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ. सरकारी नोकरीत तीस टक्के समांतर आरक्षण. त्यातल्या त्यात निळ्या बसनं जे काम केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ती बस सुरू झाली आणि ज्या वाड्यांवरून आठवीनंतर पोरी येत नव्हत्या तिथून त्या यायला लागल्या. बापाला भीती रस्त्याची होती, शिक्षणाची नव्हती.

पण यामुळं मुलं मागं पडली का? हिशेब जुळत नाही. फी माफी 2024 ची, आमच्या वर्गातली मुलं त्याच्या पंधरा वर्षं आधीपासून गायब होती. शिवाय मुलांना काहीच नाही असंही नाही. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, स्वाधार, या योजना मुलांनाही आहेत. आम्ही नोटीस बोर्डवर लावायचो, वर्गात वाचून दाखवायचो. फॉर्म घेऊन यायच्या त्या मुली. मुलांतले किती जण शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय यायचे, ते आमच्या कॉलेजच्या क्लार्कना विचारा. आणि हे काही आपल्याच मातीतलं नाही. अमेरिकेत 1982 पासून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांत बायका जास्त आहेत, तिथं कुठं निळी बस होती?

मुलांचा दोष म्हणून सांगत नाही. बाहेर महिन्याला पंधरा-सोळा हजार रोख दिसतात. गावातला बी.एस्सी. झालेला मुलगा कपाशीवर फवारणी करताना दिसतो. सोळा-सतरा वर्षांचं पोरगं त्या दोन्हींकडं बघून हिशेब करतं. हिशेब चुकीचा नाही, फक्त पाच वर्षांपुरता आहे. पुढं कंत्राट संपतं, पाठ दुखायला लागते, आणि सुपरवायझर म्हणून डिप्लोमावाला येतो.

आता या सगळ्यात नोकरी-धंद्याची बाजू राहते, ती मुलीच्या एम.एस्सी.शी थेट जोडलेली आहे. वर्गात मुली जास्त म्हणून नोकरीत बायका जास्त, असं समजू नका. मधल्या मध्ये गळती होते. 2023-24 च्या सरकारी श्रमबल पाहणीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत 78.8 टक्के कामात किंवा कामाच्या शोधात होते, बायकांत 41.7. त्यातही स्वतःच्या शेतात राबणाऱ्या बायका धरलेल्या आहेत. शाळांमध्ये मात्र बायका पुढं गेल्यात: 2024-25 साली देशातल्या शाळाशिक्षकांत 54.2 टक्के बायका. कॉलेज-विद्यापीठांतल्या शिक्षकांत 2021-22 साली त्या 43 टक्क्यांच्या थोड्या वर होत्या.

स्टाफरूमचं एक निरीक्षण सांगते, कोणाला बोचलं तर बोचू दे. मी लागले तेव्हा आमच्या विभागात मी एकटी बाई. निवृत्त होताना विभागात चारपैकी तीन बायका. सत्काराच्या भाषणात एक साहेब म्हणाले, बघा किती प्रगती. त्या तीनपैकी दोघी तासिका तत्त्वावर होत्या. तासाप्रमाणं पैसे, तेही सहा-सहा महिन्यांनी, सुट्टीत काहीच नाही. त्यांच्या जागी आधी दोन तरुण मुलं होती. लग्न ठरेना, घर चालेना म्हणून एक औषध कंपनीत गेला आणि एकानं बीडला दुकान टाकलं. त्या दोघी नवऱ्याच्या पगारावर टिकल्या. जिथं पगार पातळ होतो तिथून पुरुष आधी उठतात आणि ती खुर्ची बाईला मिळते. विनाअनुदानित शाळांत, इंग्रजी माध्यमाच्या छोट्या शाळांत हेच झालं. ‘या पेशात बायका जास्त झाल्या’ असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, हातात किती पडतात?

म्हणून मुलीला एम.एस्सी. करू द्या का, याला माझं उत्तर ‘हो, पण’ असं आहे.

हो, कारण रसायनशास्त्रात नुसत्या बी.एस्सी.ला दारं फार थोडी उघडतात आणि एम.एस्सी.ला बरीच. ‘पण’ एवढ्यासाठी की कुठलंही एम.एस्सी. नको. फॉर्म भरण्याआधी तिला घेऊन त्या विभागात जा आणि प्रमुखांना विचारा, गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेली मुलं-मुली आज काय करतायत? प्राध्यापकाला आठवत नसेल किंवा तो छताकडं बघून ‘सगळे सेटल आहेत’ म्हणाला, तर दुसरं कॉलेज बघा. ऑरगॅनिक किंवा अॅनालिटिकल असेल तर औषध कंपन्यांच्या क्यू.सी. लॅबमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासतात तिथं, जागा निघतात, वाळूज-शेंद्र्याला, पुण्याला, हैदराबादला. तिथं विचारतात ते एकच, एच.पी.एल.सी. (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) स्वतः चालवलंय का? काही विभागांत ते मशीन काचेच्या कपाटात असतं आणि कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती आली की त्याचं कव्हर काढतात. तिनं हात लावून पाहिलंय का, ते विचारा. केजहून छत्रपती संभाजीनगर लांब पडतं. विद्यापीठाचं उपकेंद्र धाराशिवला आहे, ते त्या मानानं जवळ. पण एक दिवस खर्च करून दोन्ही बघून या, जवळचं म्हणून घेऊ नका.

तिला शिकवायचंच असेल, शाळेत जायचं असेल, तर एम.एस्सी.बरोबर बी.एड. लागेल, त्याची सीईटी असते, पुढं टीईटी ही पात्रता परीक्षा, टेट ही भरतीची परीक्षा, आणि मग शिक्षकभरतीचं सरकारी पवित्र पोर्टल. हा लांबचा रस्ता आहे. खासगी संस्थेत ‘काहीतरी द्यावं लागतं’ असं सांगणारे भेटतील. त्यासाठी जमीन विकू नका, एवढंच म्हणते. आणि स्पर्धा परीक्षेचं खूळ असेल तर आधी तारीख ठरवा. दोन वर्षं, तीन वर्षं, काय ते घरात बसून ठरवा आणि त्या तारखेला थांबा. वसतिगृहात मी 29 वर्षांच्या मुली पाहिल्यात ज्यांना थांबायला कोणी सांगितलंच नाही, आणि ज्यांना स्वतःला धीर होईना.

फी माफीची ती 2024 ची योजना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या एम.एस्सी.ला ती लागू होईल असं धरून बसू नका, शिष्यवृत्तीच्या खिडकीवर विचारून घ्या.

राहिलं लग्नाचं. पाहुणे म्हणतात, जोडीचा मुलगा मिळणार नाही. पाहुण्यांचं अगदीच खोटं नाही. वर्गात मुलं दोन बाकांवर उरली म्हणजे चार-पाच वर्षांनी एम.एस्सी. झालेल्या मुलीला एम.एस्सी. झालेला मुलगा, तोही नोकरीवाला, तोही आपल्या जातीचा, पोटजातीचा, कुळ बघून, पत्रिका जुळवून, आणि घरी शेती असलेला पण शेती न करणारा, असा शोधायला निघालात तर चाळणीवर चाळणी लागून शेवटी हातात काय राहणार? पण त्याच वेळी गावात जाऊन बघा, 32-33 वर्षांची मुलं मुलगी मिळत नाही म्हणून बसलीत. हजाराला 807 चा हिशेब आत्ता कुठं दारात यायला लागलाय. म्हणजे मुलं कमी नाहीत. आपण जी अट घालतो त्या अटीत बसणारी मुलं कमी आहेत. अट कोणी घातली? आपणच.

माझ्या एका विद्यार्थिनीनं, एम.एस्सी. झालेली, परभणीला लॅबमध्ये नोकरी, तिनं आयटीआय झालेल्या मुलाशी लग्न केलं. मुलगा महावितरणमध्ये. तिच्या वडिलांना चार महिने लोकांना तोंड दाखवायची लाज वाटत होती. लग्नाला सात वर्षं झाली. मी गेले होते घरी, तो पोळ्या लाटत होता. गोल नव्हत्या, पण लाटत होता. प्रत्येक ठिकाणी असंच होईल असं म्हणत नाही. उलट झालेलंही पाहिलंय: बायकोचा पगार जास्त म्हणून रोजची धुसफूस, शेवटी तिनंच नोकरी सोडली. मुलाची पदवी बघण्यापेक्षा त्याला बायकोच्या पदवीचा त्रास होतो का, ते बघा. पहिल्या भेटीत कळतं. ‘लग्नानंतर नोकरी करायची तिची इच्छा असेल तर आमची हरकत नाही’ असं जे म्हणतात ना, तिथं सावध व्हा. हरकत कोणी विचारली होती?

आणि हो, बी.एस्सी.वर थांबवलीत तर स्थळ सोपं जाईल, असं मला कुठं दिसलेलं नाही. बी.एस्सी. झालेल्या मुलीलाही लोक ‘जास्त शिकलेली’च म्हणतात. मग दोन वर्षांनी असा काय फरक पडतो?

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: मुली जास्त दिसतात त्या काही ठरावीक दारांतच, त्या सवलतींमुळं कमी आणि दुसरी वाट नसल्यामुळं जास्त आल्यात, आणि तुमच्या मुलीनं एम.एस्सी. करावं, विभाग बघून. आता धाकट्याचं.

मी आधीच म्हटलं, मला हा प्रश्न सगळ्यांत जड वाटतो. मुलीच्या काळजीत त्याच्यावर तुम्ही एकच ओळ लिहिलीत. घराघरांत असंच होतं. मुलगी अभ्यास करते, तिच्याकडं लक्ष जातं. मुलगा ‘नाही जमत’ म्हणाला की ‘बघ मग तुझं तू’ म्हणून सुटका. त्याला जबरदस्तीनं बी.एस्सी.ला घालू नका, तो मागच्या बाकावर जाईल आणि तिथून वाळूजला. तो बारावी सायन्स असेल तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे पुष्कळ पालकांना माहीतच नसतं. सायन्स नसेल तर आयटीआय: इलेक्ट्रिशियन, फिटर, जो ट्रेड त्याला हातानं आवडेल तो. नंतर त्याच कंपनीत अप्रेंटिस म्हणून जाईल, नुसता हेल्पर म्हणून जाणार नाही. पदवीचं मन झालं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, नोकरी करत करता येतं. माझ्या ओळखीत रात्रपाळी करून बी.कॉम. केलेली मुलं आहेत. थोडी आहेत, पण आहेत.

त्याच्याशी बोलताना एक करा, बहिणीचं उदाहरण देऊ नका. ‘बघ ती कशी शिकते’ हे त्यानं हजारदा ऐकलं असेल. त्यापेक्षा त्याला बहिणीबरोबर एक दिवस कंपनी बघायला पाठवा, शक्य असेल तर. तिला लॅब दिसेल, त्याला शॉपफ्लोअर दिसेल, आणि कोणाच्या छातीवरच्या ओळखपत्रावर कंपनीचं नाव असतं आणि कोणाच्या कंत्राटदाराचं, हेही दिसेल.

आणि एवढं करूनही तो चाकणला गेलाच, तर जाऊ द्या. फक्त पहिल्या पगाराला त्याला पगाराची चिठ्ठी मागायला सांगा. तीवर पी.एफ.चा नंबर आणि ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विम्याचा, नंबर आहे का, ते बघा. नसेल तर कंत्राटदार म्हणेल, पुढच्या महिन्यात होईल. तो पुढचा महिना तुम्ही वहीत तारीख घालून लिहून ठेवा.